नाना एकटे नव्हते

लोकरनानांच्या पंजात क्रोशाची सुई दिसायचीच नाही. हात इतके मोठे, बोटं इतकी जाड, की समोरून बघणाऱ्याला वाटावं, हा सहा फुटी माणूस नुसताच हवेत बोटं हलवत बसलाय आणि त्या हवेतून पिवळं टोपडं हळूहळू खाली उतरतंय. पांढऱ्या झुपकेदार मिशा, बनियन, पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट. लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांची खोली, आणि पुढे दोन खोल्या सोडून आमची. चाळीत पहिल्यांदा आलेला पाहुणा जिना चढून आला की त्यांच्यापाशी थबकायचाच. नाना मान वर न करता आपल्या मालवणीत म्हणायचे, "होय, बापयमाणूसच आसंय. जावा पुढे."

ते परळच्या एका हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात वॉर्डबॉय होते. तिथे एका बाईला डॉक्टरांनी चार महिने झोपून राहायला सांगितलं होतं. तिच्या हातात कायम क्रोशा असायचा. तिला तपासणीला न्यायचं, आणायचं काम नानांकडे. एकदा लिफ्टची वाट बघताना ती त्यांना म्हणाली, "भाऊ, नुसते उभे राहता त्यापेक्षा हे धरा." साखळी, खांब, मुका खांब, एवढे टाके तिने त्या लिफ्टसमोरच शिकवले. चौथ्या महिन्यात तिला मुलगी झाली तेव्हा मुलीच्या डोक्यावरचं टोपडं नानांनी विणलेलं होतं. नाना सांगायचे, "एका कानावर ढिला होता. पण पोरगी झोपली त्यात."

तेव्हापासून ते टोपडी विणत राहिले. चाळीतल्या पुरुषांनी सुरुवातीला बरीच चेष्टा केली म्हणे. नानांनी कुणाशी वाद घातला नाही. फक्त एकदा म्हणाले, "हात रिकामे असले की माणूस दुसऱ्याच्या घरात बघीत बसता." हे आईने मला लहानपणी सांगितलं होतं. मी हसले होते.

त्यांना माप लागत नसे. स्वतःची मूठ वळायची आणि तिच्यावर टोपडं चढवून बघायचं. अंगठा मुठीत घेतला की नवजात, बाहेर ठेवला की तीन महिन्यांचं. "पोराच्या अंगावर पयला कापड हातान केलेला होया," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निवृत्त झाल्यावरही दर गुरुवारी कापडी पिशवीत सात-आठ टोपडी घालून ते चालत परळला जायचे आणि ज्या बाळंतिणीला भेटायला कुणी आलेलं नसेल तिच्या उशाशी एकेक ठेवून यायचे. त्यांची बायको, आमच्या काकी, गेल्या त्या आठवड्यातला गुरुवारही त्यांनी चुकवला नव्हता. "पोरा काय थांबतत काय?" म्हणाले.

त्यांचा मुलगा प्रकाश, आम्ही त्याला प्रकाशदादा म्हणायचो. एका शाळेत क्लार्क. लग्नानंतर एका खोलीत भागेना म्हणून तो सुमनवहिनीला घेऊन बदलापूरला राहायला गेला. नानांना बरोबर चला म्हणून त्याने किती वेळा सांगितलं असेल. नानांचं उत्तर एकच: "मग गुरुवारचा काय?" मग प्रकाशदादा दर रविवारी यायचा. वहिनीने केलेलं कालवण डब्यात, आठवड्याची औषधं, पाठीवर दप्तर घेतलेला नातू आर्यन. तिघं-चौघं मिळून दार उघडं टाकून जेवायचे आणि जेवण झालं की प्रकाशदादा नानांच्या पायाची नखं कापायचा, कारण त्यांना वाकवत नसे. हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

लॉकडाऊन संपता संपता माझी नोकरी गेली. दादरच्या एका जाहिरात कंपनीत मी मजकूर लिहायचे. घरी बसले तेव्हा आजूबाजूला सगळेच काही ना काही विकायला लागले होते. कुणी साबण, कुणी मातीचे दागिने, कुणी रंगवलेल्या पणत्या. मैत्रिणीची बहीण मॅक्रमेचे, म्हणजे दोरीच्या गाठींचे झुले विकून नोकरीपेक्षा बरं चालतंय म्हणाली. मी नानांकडे गेले आणि म्हटलं, नाना, तुमची टोपडी ऑनलाइन विकूया.

"इकायची?" नाना म्हणाले. "मी कधी इकलंय नाय."

"तुम्ही फक्त विणा. गुरुवारची वेगळी ठेवू. बाकी सगळं मी बघते."

त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "दूरच्या पोरांच्या डोक्यावर जातली?" मी म्हटलं, कुठेही जातील. तेवढ्यावर ते तयार झाले.

'नानांची लोकर' नावाचं पेज मी सुरू केलं. नानांच्या खिडकीतल्या उजेडात टोपड्यांचे फोटो काढले, खाकी कागदात पार्सलं बांधली, प्रत्येकात हाताने लिहिलेली चिठ्ठी टाकली. पहिली ऑर्डर समोरच्याच टॉवरमधून आली. त्या बाईला आम्ही समोर राहतो हे ठाऊक नव्हतं आणि मला नियमाने कुरियर करायचं होतं. पार्सल भिवंडीला जाऊन पाचव्या दिवशी रस्त्यापलीकडे पोचलं. नाना गॅलरीत उभे राहून त्या टॉवरकडे बघत म्हणाले, "माका सांगायचा ना बाय, मी हयसूनच फेकला असता." त्या दिवशी आम्ही दोघं खूप हसलो होतो.

आमची वाटणी निम्मी-निम्मी ठरली होती आणि पैशाच्या बाबतीत मी त्यांना कधी फसवलं नाही. बरेच दिवस मी त्यालाच प्रामाणिकपणा समजत होते.

ऑर्डरी येत होत्या, पण तुरळक. लोक फोटो बघायचे, छान म्हणायचे आणि पुढे जायचे. मशीनवर विणलेली टोपडी 'हँडमेड' म्हणून निम्म्या किमतीत मिळत होती, ती घ्यायचे. मी हातकामाच्या विक्रीवरचं एक ऑनलाइन शिबिर केलं. तिथली बाई म्हणाली, वस्तू विकू नका, गोष्ट विका. बघणाऱ्याच्या घशात आवंढा आला पाहिजे. मी ते वहीत उतरवून घेतलं. मजकूर लिहिणं तर माझं कामच होतं.

एका रविवारी दुपारी प्रकाशदादा लवकर निघाला, नातवाची सोमवारी परीक्षा होती. नाना विणकामात होते, म्हणून त्यांचं जेवण राहिलं होतं. थोड्या वेळाने मी पार्सलं न्यायला गेले तर ते जमिनीवर मांडी घालून एकटेच जेवत होते. खिडकीतून तिरका उजेड, पाठीमागे लोकरीचे गुंडे, मोठ्या हातात छोटा घास. मी फोन काढला. नाना म्हणाले, "जेवताना कित्याक गो?" मी म्हटलं, "असंच, उजेड छान आहे." ते लाजून हसले आणि पुन्हा जेवायला लागले. हसू मी कापून टाकलं. उरलेलं हळू वेगात केलं, खाली संथ बासरी लावली आणि वर अक्षरं लिहिली: 'चौऱ्याहत्तर वर्षांचे नाना. मुलगा आहे, पण सोबत नाही. थरथरत्या हातांनी रोज विणतात, दोन घासांसाठी.'

नानांचे हात कधीच थरथरत नव्हते. बाकीचं मी स्वतःला शब्द लावून पटवलं. मुलगा आहे, हे खरं. सोबत राहत नाही, हेही खरं. आणि ताटातलं बांगड्याचं कालवण सुमनवहिनीने सकाळी उठून केलेलं होतं, प्रकाशदादाने बदलापूरहून डब्यात आणलेलं होतं. हे मला माहीत होतं. डबा व्हिडिओत येत होता म्हणून मीच तो पायाने बाजूला सरकवला होता.

व्हिडिओ पेजवर टाकला आणि दोन दिवसांत फोन हातात धरवेना. ऑर्डरींमागून ऑर्डरी, लांबलांबच्या गावांहून. खाली लोकांचं बोलणं: 'डोळे भरून आले', 'असा मुलगा कुणाला न मिळो', 'ह्या मुलाचं नाव सांगा, आम्ही बघतो'. मी ते वाचत होते. एकालाही उत्तर दिलं नाही. आईने व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, "अगं, पण प्रकाश तर येतो ना?" मी म्हटलं, "आई, तुला त्यातलं कळत नाही."

नानांकडे साधा बटणांचा फोन होता. त्यांना एवढंच कळत होतं की खूप टोपडी लागतायत. ते खुशीत होते. मग एक दिवस एक तरुण जोडपं पार्सलवरचा पत्ता शोधत गाडी घेऊन आलं. तांदळाची गोणी, तेल, ब्लँकेट. बाई नानांच्या पाया पडली, "आम्हीच तुमची मुलं समजा" म्हणाली आणि रडली. नवऱ्याने फोटो काढले. ती माणसं गेल्यावर नाना त्या गोणीकडे बघत राहिले.

"ह्यांका कोणी सांगल्यान, माझ्या घरात तांदूळ नाय म्हणान?"

"कुणी नाही हो. प्रेमाने आणलंय," मी म्हटलं.

"प्रेमान आणला तर ती रडली कित्याक?"

मी पार्सलं बांधायला घेतली. त्यांनी गोणी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत पोचवली.

प्रकाशदादा आला तो मंगळवारी. रविवार नसताना त्याला जिन्यावर बघून मी हातातला फोन पालथा ठेवला. तो नानांकडे न जाता सरळ आमच्या दारात उभा राहिला. शाळेतून अर्धी रजा टाकून आला होता. चपला काढल्या नाहीत.

"मानसी, ती मच्छी सुमनने केली होती," तो म्हणाला. "मी आणली होती. तुला माहितीये."

मी मान हलवली.

"कुणीतरी त्याखाली माझं नाव आणि शाळा लिहिली. पालक येऊन मला बघून जातात. हाच का तो, म्हणतात. काल आर्यनला वर्गात एकाने विचारलं, तुझे बाबा आजोबांना जेवायला देत नाहीत का? तो काल जेवला नाही." त्याचा आवाज चढत नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटत होती. "तुला पैसे पाहिजे होते तर मागायचे होते. माझ्या बापाला भिकारी कशाला केलंस?"

बोलणं ऐकून नाना मागे येऊन उभे राहिले होते, हातात अर्धवट टोपडं. "काय दाखवल्यान ता माका दाखव," म्हणाले. प्रकाशदादा नको नको म्हणत होता. मी फोन पुढे केला. नानांनी तो तीन वेळा पाहिला. अक्षरं बारीक होती म्हणून मला वाचून दाखवायला सांगितली. मी ती वाचली. माझीच वाक्यं. 'मुलगा आहे, पण सोबत नाही' हे नानांच्या आणि प्रकाशदादाच्या समोर उभं राहून मोठ्याने वाचणं म्हणजे काय, ते इथे लिहून सांगता येत नाही.

"माणूस तर मीच दिसतंय," नाना म्हणाले. "पण ह्यो कोण, माका म्हायत नाय."

मी रडायला लागले. आत्ता काढून टाकते म्हटलं. नाना म्हणाले, "रडा नको. काढ. आणि सांग लोकांका, खोटा होता म्हणान. माझो चेहरो नको आता. तुझा तोंड दाखव आणि सांग."

मी हो म्हटलं.

व्हिडिओ काढला, पण तोवर तो दुसऱ्या कितीतरी पेजांनी उचलला होता. ते माझ्या हातात नव्हतं. माझं तोंड दाखवणं हातात होतं. मी तसं रेकॉर्डही केलं. मग पाहिलं. आता मला शिव्या पडतील, पेज बुडेल, परत कुणी नोकरीला उभं करून घेणार नाही, असं सगळं दिसलं आणि मी ते पुसून टाकलं. त्याऐवजी चार ओळी लिहिल्या: 'नाना आपल्या कुटुंबासोबत आनंदात आहेत. काही गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहोत.' गैरसमज झालेला नव्हता, तो मी केला होता. आणि 'आहोत' म्हणजे कोण, तर मी एकटी. त्या ओळी फारशा कुणी पाहिल्या नाहीत. त्या कुणी पाहू नयेत अशाच मी लिहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नानांनी विचारलं, "सांगलंस?"

"हो, नाना."

त्यांनी विश्वास ठेवला. पुन्हा कधी तो विषय काढला नाही, माझ्याशी बोलणंही टाकलं नाही. चहा घेतेस काय, एवढं विचारत राहिले. पेजसाठी विणणं तेवढं त्यांनी थांबवलं. लोक मात्र येतच राहिले. कुणी फळं घेऊन, कुणी नुसतेच बघायला. चाळीच्या दारात कुणीतरी प्रकाशदादाला रविवारी डबा घेऊन येताना अडवलं आणि "आता बदनामी झाली म्हणून येतोस काय?" असं तोंडावर विचारलं. नाना गॅलरीतून बघत होते.

त्या महिन्याच्या शेवटी टेम्पो आला. नाना बदलापूरला निघाले होते. थोडी लोकर ठेवून बाकीची त्यांनी वॉर्डातल्या आयांना वाटून टाकली होती. मी जिन्यात गाठून विचारलं, "नाना, का जाताय?"

"लोकांका दिसाक होया ना," ते म्हणाले, "माझो झील प्रकाश माका बघता तो." आणि मग माझ्या डोक्यावर तो मोठा हात ठेवून म्हणाले, "सांभाळून रव."

इतकी वर्षं मुलाने विनवूनही जो माणूस गुरुवारासाठी गेला नव्हता, तो माझ्या एका वाक्यामुळे गेला.

बदलापूरला मी वर्षभराने गेले. आधी धीर झाला नाही. सुमनवहिनीने दार उघडलं, या म्हणाली, पाणी दिलं. तिच्या वागण्यात कुठेही काही उणं नव्हतं, आणि एकही शब्द जास्तीचा नव्हता. नाना हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. टीव्ही बंद. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे, कुणाचे तरी सांभाळायला दिल्यासारखे. त्यांचे हात मी रिकामे कधी पाहिले नव्हते.

"विणत नाही, नाना?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "पयल्यांदा गॅलरीत बसलंय इणीत. खालच्या दोघींनी सुमनक विचारल्यानी, म्हाताऱ्याक ह्या वयात पण कामाक लावतास काय? त्यांनी ता बघितलेला ना, तुझा." थोडं थांबून म्हणाले, "मग ठेवलंय. पोरीक कित्याक तरास?"

मी चहाचा कप हातात धरून बसले होते.

"तू सांगलंस, तरी लोक इसरत कशी नाय गो?" त्यांनी विचारलं. खरोखरच विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना ते कोडं पडलं होतं आणि मी शिकलेली, फोनमधलं कळणारी, म्हणून ते मला विचारत होते.

तेव्हा तरी सांगायचं होतं. मी म्हटलं, "विसरतील, नाना. वेळ लागतो."

पुढच्या थंडीत ते गेले. झोपेतच, फार त्रास न होता. मी तेराव्याला गेले. चाळीतले बरेच जण आले होते, प्रकाशदादाच्या शाळेतलेही. दारापाशी दोन-तीन पुरुष उभे होते. त्यातले एक वयस्कर गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, "शेवटी मुलाला जाग आली म्हणायची. दोन वर्षं तरी सांभाळलं." सुमनवहिनी हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा घेऊन मागे उभी होती. तिने ऐकलं आणि ती आत वळली.

मी बोलले. "तसं नव्हतं. मुलगा दर रविवारी यायचा. तो व्हिडिओ मी केला होता. खोटा होता. आणि खोटा होता हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. नानांना म्हटलं, लोकांना सांगितलं, तेही खोटं."

ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. "असेल, असेल," म्हणाले. "आता काय त्याचं." आणि ते जेवायला आत गेले.

प्रकाशदादा माझ्या मागेच होता. मुंडन केलेलं डोकं, अंगावर उपरणं. त्याने सगळं ऐकलं होतं. "म्हणजे तेव्हा सांगितलंच नव्हतंस?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने उपरणं खांद्यावर सारखं केलं. मग म्हणाला, "आम्हाला वाटायचं, सांगूनही लोक ऐकत नाहीत, आता काय करणार. ते असताना बोलली असतीस, तर ते विणत राहिले असते."

एवढं बोलून तो पंगतीकडे गेला. त्यानंतर आमची भेट नाही.

पेज मी बंद केलं. तो व्हिडिओ मात्र अजून फिरतो. कुठल्या तरी अनोळखी पेजवर वर्षा-सहा महिन्यांनी उगवतो, नवीन बासरी लावून. खाली नवीन माणसं प्रकाशदादाला शिव्या घालतात. दिसेल तिथे मी खाली लिहिते: हे खोटं आहे, हे मी केलं, माझं नाव मानसी, मी शेजारी राहत होते, नाना एकटे नव्हते, त्यांचा मुलगा चांगला आहे. परवा एका बाईने त्याखाली विचारलं, "मुलाने किती पैसे दिले हे लिहायला?" मी तिला उत्तर लिहायला घेतलं, आणि ती माझ्यावर का विश्वास ठेवील, हे मला शोधून सापडलं नाही.